केसांचा रंग आणि कंडिशनर टिकतात कसे? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी जळगावला अकरावी-बारावीला रसायनशास्त्र शिकवते. माझ्या धाकट्या जाऊबाईंचं अमळनेरला पार्लर आहे. गिऱ्हाइकांनी विचारलेलं त्या मला फोनवर पाठवतात, मी उत्तर देते. आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराई जवळ आली की तेच तेच प्रश्न फिरून येतात, म्हणून ते इथे एकत्र लिहून ठेवले आहेत. हवा तो प्रश्न सुटा वाचा. जिथे दोन उत्तरं एकमेकांत शिरतात तिथे क्रमांक दिला आहे.

१. केस म्हणजे मेलेला भाग ना? मग रंग त्याला धरून राहतो तो कसा?

मेलेला खरा, पण रसायनांच्या दृष्टीने चांगलाच जागा. केस मुख्यतः केराटिन या प्रथिनाचा असतो. बाहेरून पारदर्शक, चपट्या खवल्यांचे सहा ते आठ थर असतात. त्यांना क्यूटिकल म्हणतात आणि सगळ्या खवल्यांची टोकं केसाच्या शेंड्याकडे असतात. आतला गाभा म्हणजे कॉर्टेक्स. केसाचा मूळचा काळा रंग, म्हणजे मेलॅनिन, याच गाभ्यात असतो. केराटिनच्या साखळ्यांवर जागोजागी अमीनचे, आम्लाचे आणि गंधकाचे गट असतात. बाहेरून येणारं काहीही यांपैकी कशाला तरी धरतं, नाहीतर पाण्याबरोबर जातं.

धरण्याच्या तऱ्हा तीन. पहिली, आत शिरून मोठं होणं आणि अडकून बसणं: पाकिटातला डाय (प्रश्न २) आणि नीळ (प्रश्न ७). दुसरी, केराटिनशी थेट रासायनिक बंध: मेंदी (प्रश्न ५). तिसरी, विरुद्ध विद्युतभाराच्या ओढीने चिकटणं: कंडिशनर (प्रश्न १०) आणि लाल-निळे फॅशन रंग (प्रश्न १७). पुढची बहुतेक उत्तरं म्हणजे या तिघांची आपसातली भांडणंच आहेत.

२. पाकिटातला डाय अर्धा तास ठेवून धुतला तरी महिनोन्महिने जात नाही. असं काय असतं त्यात?

त्यात तयार रंग नसतोच. एका पुडीत किंवा ट्यूबमध्ये पीपीडी (पॅराफिनिलीनडायअमीन) किंवा त्याच्या जातीतलं छोट्या रेणूचं संयुग असतं. त्याच्या सोबतीला रेसॉर्सिनॉल, मेटा-अमिनोफिनॉल अशी जोडीदार संयुगं असतात. दुसऱ्या बाटलीत हायड्रोजन पेरॉक्साइड, म्हणजे पार्लरच्या भाषेत डेव्हलपर. दोन्ही कालवलं की अमोनियासारखा अल्क (आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ) केस फुगवतो, खवले सैल होतात आणि हे बारीक रेणू गाभ्यापर्यंत पोचतात. तिथे पेरॉक्साइड पीपीडीचं ऑक्सिडीकरण करतं, ते जोडीदाराला जुळतं, आणि दोन-तीन रेणूंचा मिळून एक मोठा रंगीत रेणू बनतो. अरुंद दारातून कपाटाच्या फळ्या एकेक करून आत न्याव्यात आणि खोलीत कपाट जोडावं, तसं हे आहे. जोडलेलं कपाट त्या दारातून बाहेर निघत नाही.

म्हणून या रंगाचा केराटिनशी फार घट्ट रासायनिक बंध नसला तरी चालतं. आकारच त्याला अडकवून ठेवतो, जोडीला थोडी हायड्रोजन बंधांची मदत. पीपीडीचं ऑक्सिडीकरण केलं की तपकिरी रंग येतो हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ हॉफमन यांनी १८६३ मध्ये पाहिलं होतं. फ्रान्समध्ये यूजीन श्युलर यांनी १९०७ च्या सुमारास केसांचा कृत्रिम डाय बनवून विकायला सुरुवात केली. सव्वाशे वर्षं होत आली, तत्त्व तेच आहे.

यातून एक व्यवहाराची गोष्ट निघते. रंग कालवून ठेवला आणि तासाभराने लावला, तर मोठे रेणू वाटीतच तयार झालेले असतात. ते आत शिरत नाहीत, वर बसतात आणि दोन धुण्यांत जातात. "उरलेला डाय उद्या लावू का?" याचं उत्तर यातच आलं.

३. 'अमोनिया-फ्री' घेतला तर केस खराब होत नाहीत, हे खरं का?

अर्धं खरं. अमोनियाचा झोंबणारा वास नसतो, एवढं नक्की. पण केस फुगवायला अल्क तर लागतोच. अमोनियाच्या जागी बहुतेक वेळा मोनोइथॅनॉलअमीन असतं. ते उडून जात नाही म्हणून वास येत नाही, आणि त्याच कारणाने ते केसावर जास्त वेळ राहतं. पेरॉक्साइड आणि पीपीडी किंवा त्याचे भाऊबंद दोन्हीकडे सारखेच. अॅलर्जीचा धोकाही सारखाच (प्रश्न ९).

४. १०, २०, ३० व्हॉल्यूम म्हणजे काय? जास्त घेतलं की रंग जास्त टिकतो का?

१० व्हॉल्यूम म्हणजे ३ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६, ३० म्हणजे ९ आणि ४० म्हणजे १२ टक्के. पांढरे केस काळे किंवा गडद तपकिरी करायला २० पुरतं. त्यापुढचं प्रमाण मूळ मेलॅनिन फिकं करण्यासाठी असतं, टिकाऊपणासाठी नव्हे. उलट जोरकस पेरॉक्साइडने केसातले गंधक-गंधक (डायसल्फाइड) बंध तुटतात, केस सच्छिद्र होतो, आणि सच्छिद्र केसातून रंग लवकर पाझरतो.

५. मेंदी केसाला चिकटते की आत मुरते?

दोन्ही, पण मुख्य म्हणजे ती बांधली जाते. मेंदीच्या पानातला रंग देणारा रेणू म्हणजे लॉसोन. वाळलेल्या पानात तो जेमतेम एक-दोन टक्के भरतो. पानात तो बराचसा साखरेला जोडलेल्या रूपात असतो. पूड भिजवून ठेवली की तो मोकळा होतो, म्हणून रात्रभर किंवा निदान काही तास भिजवायची पद्धत आहे. मोकळा झालेला लॉसोन केराटिनच्या अमीन गटांशी आणि गंधकाच्या गटांशी थेट जोडला जातो. शाम्पूने हा बंध सुटत नाही. म्हणूनच मेंदीचा केशरी रंग खऱ्या अर्थाने जातच नाही, केस वाढून कापला जातो तेव्हाच संपतो.

लॉसोनचा रेणू लहान, त्यामुळे अमोनियाशिवायही तो खवल्यांतून आत सरकतो. बहुतेक रंग मात्र बाहेरच्या थरांत राहतो. वारंवार लावली की थरावर थर चढून रंग गडद होत जातो आणि केस जाड, कधीकधी कडक लागतो.

"मेंदीने सर्दी होते" अशी तक्रार असते त्याबद्दल: लगदा चार तास डोक्यावर ओला राहतो, पाणी उडतं आणि डोकं गार पडतं. थंडीच्या दिवसांत वर टोपी घाला, संपला विषय.

६. सासूबाई सांगतात लोखंडी कढईत भिजव; मैत्रीण सांगते दही, अंडं, चहा, लिंबू घाल. नेमकं कशाने रंग चढतो?

सासूबाईंची बाजू भक्कम आहे. लोखंडी कढईतलं लोह मेंदीतल्या लॉसोनशी आणि टॅनिनशी (तुरट द्रव्याशी) गुंतून गडद, काळपट संयुगं बनवतं. कपड्याचे रंगारी रंग पक्का बसावा म्हणून धातूचे क्षार वापरत, त्यातलाच हा प्रकार. चहाच्या कोऱ्या पाण्याने टॅनिन वाढतं. कढई आणि चहा एकत्र असले की पृष्ठभाग अक्षरशः काळा पडताना दिसतो. कडेला लगदा शाईसारखा आणि मधोमध हिरवट-तपकिरी, हा फरक पाहायचा तर सकाळी ढवळायच्या आधी कढईत डोकावा. आवळ्याची पूड घातली तर हेच आणखी जोरात होतं.

लिंबाने लॉसोन मोकळा होण्याची गती कमी होते, पण तो टिकून राहतो. रात्रभर भिजवायचं असेल तर थोडं लिंबू चालेल, फार नको, टाळूला झोंबतं आणि केस कोरडे होतात.

दही आणि अंडं यांच्याबद्दल माझं मत स्पष्ट आहे: घालू नका. दोन्हींत प्रथिनं आहेत. लॉसोनला प्रथिनाचे अमीन गट हवे असतात, ते तुमच्या केसाचे की अंड्याचे हे त्याला कळत नाही. जेवढा रंग दह्याला लागला तेवढा केसाला कमी. केस मऊ हवे असतील तर मेंदी धुतल्यावर कंडिशनर लावा. तेल घालण्याचंही तेच. तेलकट केसावर पाण्यात कालवलेला लगदा नीट बसत नाही, म्हणून आदल्या दिवशी केस धुऊन घ्यावेत आणि तेल दुसऱ्या दिवशी.

लोखंडी कढईवाल्यांसाठी एक अट आहे, ती प्रश्न १८ मध्ये.

७. मेंदीवर नीळ लावली, तर केस हिरवे दिसले. आता काय करू?

दोन दिवस थांबा, शाम्पू लावू नका. नीळ म्हणजे जुन्या माणसांची गुळी. तिच्या पानात तयार निळा रंग नसतो. कोमट पाण्यात पूड कालवली की पानातलं एन्झाइम साखर तोडतं आणि इंडॉक्सिल मोकळं होतं. ते केसात शिरतं, हवेतल्या ऑक्सिजनने त्याचे दोन-दोन रेणू जुळतात आणि निळं इंडिगो बनतं. इंडिगो पाण्यात विरघळत नाही, म्हणून आत अडकतं. हे सगळं पूर्ण होईपर्यंत मधली छटा हिरवट दिसते. खाली मेंदीचा केशरी असला की निळा आणि केशरी मिळून तपकिरी ते काळा होतो.

मेंदी रात्रभर भिजवतात, नीळ मात्र कालवून पंधरा-वीस मिनिटांत लावायची. उशीर केला की रंग वाटीतच तयार होऊन वाया जातो, प्रश्न २ मधल्या डायसारखंच. उकळतं पाणी ओतलं तर एन्झाइमच मरतं.

आणि हो, कपड्यांना घालायची नीळ ही नव्हे. ती केसांना लावू नका. हे सांगावं लागतंय, कारण विचारणारे निघाले.

८. बाजारातली 'काळी मेंदी' दहा मिनिटांत काळे करते. ती नैसर्गिक ना?

नुसत्या मेंदीने केस काळा होत नाही, कधीच नाही. दहा मिनिटांत तर नाहीच. पाकिटावर मेंदीच्या पानांचं चित्र असलं तरी मागे घटकांत पीपीडी लिहिलेलं आहे का ते बघा. बहुतेक वेळा सापडेल. काही पुड्यांत पाण्यात कालवल्यावर पेरॉक्साइड देणारी पूडही असते, म्हणजे तो डायच आहे, फक्त वेष मेंदीचा. सुट्या, बिनलेबलाच्या काळ्या मेंदीत काय आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. यात्रेत हातावर काळ्या मेंदीची नक्षी काढून देतात, ती मुलांच्या हातावर तर अजिबात काढू देऊ नका. तिथे लागलेली पीपीडीची अॅलर्जी जन्मभर राहते आणि पुढे कधीतरी डाय लावताना भोवते.

डायची पुडी मुलांच्या हाती लागणार नाही अशी ठेवा. पीपीडी पोटात गेलं तर घसा आणि मान सुजून श्वास कोंडतो, पुढे मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. अशा वेळी घरगुती उपाय करत बसू नका, सरळ मोठ्या दवाखान्यात न्या.

९. वीस वर्षं तोच डाय लावते, कधी काही झालं नाही. या वेळी कपाळ सुजलं, डोळे मिटले. डाय बनावट होता का?

असेलच असं नाही. पीपीडीची अॅलर्जी पहिल्याच दिवशी होते असं नाही. शरीर ते पदार्थ ओळखायला शिकतं आणि मग एखाद्या वेळी उलटतं. वीस वर्षं काही न होणं ही पुढची हमी नव्हे.

प्रत्येक वेळी डाय लावायच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आतल्या बाजूला थोडा लावून बघायचा. पाकिटातल्या चिठ्ठीत पद्धत दिलेली असते. आपल्याकडे अशा डायच्या पाकिटावर चाचणीची आणि भुवया-पापण्यांना न लावण्याची सूचना इंग्रजीत आणि स्थानिक भाषेत छापणं नियमाने बंधनकारक आहे. ती अगदी बारीक अक्षरात असते, चष्मा लावून वाचा. भुवयांना लावल्याने दृष्टी जाऊ शकते असं त्यात लिहिलेलं असतं, ते घाबरवायला नाही.

एकदा सूज आली की पीपीडी कायमचं बंद. 'पीपीडी-फ्री' लिहिलेल्या पुष्कळ डायमध्ये त्याचाच भाऊ टोल्युइन-डायअमीन असतो आणि पीपीडी न सोसणाऱ्या कित्येकांना तोही सोसत नाही. मेंदी आणि नीळ हा पर्याय उरतो, तोही शुद्ध पुडीचा आणि चाचणी करूनच. सूज आली असेल तर आधी त्वचारोगतज्ज्ञ, आणि श्वासाला त्रास वाटला तर तातडीने दवाखाना.

१०. कंडिशनर तर आपण धुऊन टाकतो. मग केस मऊ राहतो कशाने?

कारण सगळा धुतला जात नाही, आणि नेमका जिथे हवा तिथे राहतो. माझ्या मते या यादीतली सगळ्यात सुंदर गोष्ट हीच आहे.

निरोगी केसाच्या अगदी वरच्या पृष्ठभागावर स्निग्धाचा एक रेणूभर जाडीचा पापुद्रा असतो. त्याचं नाव १८-मिथाइल आयकोसॅनोइक अॅसिड, आणि तो गंधकाच्या बंधाने खवल्याला जोडलेला असतो. याच्यामुळे नवा केस पाणी झिडकारतो आणि बोटांखाली सुळकन सरकतो. ब्लीच, डाय, पर्म यांतला अल्क आणि पेरॉक्साइड हा पापुद्रा काढून टाकतात. केसावर पुन्हा तो उगवत नाही. त्याच वेळी तुटलेल्या गंधकाच्या बंधांतून ऋण भाराचे सल्फोनेट गट तयार होतात. केसाचा पृष्ठभाग तसाही साध्या पाण्यात ऋणभारित असतो, कारण केसाचा समविद्युत बिंदू, म्हणजे ज्या आम्लतेला त्याचे धन-ऋण भार बरोबरीत येतात ती, पीएच ३.७ च्या आसपास आहे आणि साधं पाणी त्याहून बरंच कमी आम्ल असतं. डायने तो ऋण भार आणखी वाढवला.

आता कंडिशनरमधले मुख्य रेणू, म्हणजे सेट्रिमोनियम क्लोराइड, बेहेनट्रायमोनियम क्लोराइड वगैरे. यांच्या एका टोकाला धन भार आणि दुसरीकडे लांब, तेलकट शेपूट. धन टोक केसाच्या ऋण जागेला ओढलं जातं, शेपट्या बाहेर राहतात. पाण्याने ही ओढ सुटत नाही. जिथे केस जास्त खराब, तिथे ऋण जागा जास्त, म्हणून रेणू जास्त. शेंडे मुळापेक्षा जुने आणि जास्त झिजलेले, तिथेच तो दाट बसतो. गेलेल्या पापुद्र्याची ही तात्पुरती भरपाई.

तात्पुरती का? कारण पुढच्या धुण्यात शाम्पू येतो. शाम्पूचे रेणू ऋणभारित. ते कंडिशनरच्या धन टोकाला धरतात आणि बरोबर घेऊन जातात. बेहेनट्रायमोनियमची शेपूट २२ कार्बनची आहे, सेट्रिमोनियमची १६. लांब शेपटीचं जास्त घट्ट बसतं, म्हणून रंगवलेल्या केसांसाठीच्या दाट कंडिशनरमध्ये बहुधा पहिलं दिसेल. बरोबरचं सेटिल किंवा सेटोस्टिअरिल अल्कोहोल हे नावाचंच अल्कोहोल. ते मेणासारखं स्निग्ध असतं, केस कोरडे करत नाही, घाबरू नका.

११. शाम्पू आणि कंडिशनर एकाच बाटलीत? वर तर म्हणालात एक दुसऱ्याला घेऊन जातो.

बरोबर पकडलंत. म्हणून त्यात लहान रेणू न वापरता लांबलचक धनभारित साखळ्या वापरतात, उदाहरणार्थ पॉलिक्वाटर्नियम-१०, किंवा गवारीच्या डिंकापासून बनवलेलं ग्वार हायड्रॉक्सिप्रोपिल-ट्रायमोनियम क्लोराइड. होय, आपण लसूण-शेंगदाणे घालून भाजी करतो तीच गवार, तिच्या बियांचा डिंक. बाटलीत शाम्पू दाट असतो तोवर साखळ्या त्यात विरघळून राहतात. डोक्यावर पाणी ओतून शाम्पू पातळ झाला की साखळी आणि शाम्पू यांचा गोळा वेगळा पडून केसावर बसतो. म्हणजे कंडिशनर लागतो तो धुण्याच्या त्या शेवटच्या मिनिटात. स्वतंत्र कंडिशनरइतका परिणाम नसतो. रंगवलेल्या, लांब केसांना तो पुरत नाही.

१२. सिलिकॉन केस गुदमरवतं म्हणे. टाळू का?

केस श्वास घेत नाही, गुदमरणार कसा! डायमेथिकोन हे साधं सिलिकॉन केसावर पातळ थर देतं आणि गुंता कमी करतं. अमोडायमेथिकोनमध्ये अमीन गट असतात, ते धनभारित होऊन खराब जागांवर घट्ट बसतात, प्रश्न १० चाच नियम. फार पातळ, तेलकट केसांवर थर साचून केस चपटे पडतात. अशांनी अधूनमधून जरा जोरदार शाम्पू वापरावा. बाकीच्यांनी निर्धास्त राहावं.

१३. रंगवलेल्या केसांना कोणतं तेल? आमच्याकडे घाण्याचं शेंगदाणा आणि तीळ तेल आहे.

खाण्यासाठी उत्तम. केसांसाठी मात्र खोबरेल वेगळं पडतं. त्यातल्या मेदाम्लांपैकी जवळजवळ निम्मं लॉरिक आम्ल असतं. त्याची साखळी छोटी आणि सरळ, म्हणून ते गाभ्यापर्यंत जातं. भारतीय संशोधकांनी २००३ मध्ये खोबरेल, सूर्यफूल आणि खनिज तेलाची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातून होणारी प्रथिनांची गळती फक्त खोबरेलाने लक्षणीय कमी झाली. शेंगदाणा आणि तिळात लांब, वाकलेल्या साखळीची आम्लं जास्त, ती वरच चमक देतात.

वेळ महत्त्वाची. केस धुण्याच्या आदल्या रात्री लावलेलं खोबरेल केसाला पाणी कमी पिऊ देतं, त्यामुळे रंगही कमी पाझरतो. डाय किंवा मेंदी लावायच्या आधी मात्र तेल नको (प्रश्न ६).

१४. बोअरच्या पाण्याने केस चरचरीत होतात आणि रंगही नीट बसत नाही. पाण्याचा खरंच संबंध आहे का?

आहे. आपल्याकडे बोअर आणि विहिरी खोल गेल्यात, यावल-रावेर पट्ट्यात तर फारच. भांड्याला आणि गिझरला जो पांढरा थर धरतो तेच कॅल्शियम-मॅग्नेशियम केसालाही धरतं. त्यांचे आयन धनभारित, केस ऋणभारित, म्हणजे कंडिशनरला ज्या जागा हव्या त्यांवर हे आधीच बसून. ब्लीच केलेल्या केसात ऋण जागा जास्त, तो जास्त शोषतो. अंगाच्या साबणाने डोकं धुतलंत तर साबण आणि कॅल्शियम मिळून न विरघळणारा चिकट साका तयार होतो, तो वेगळाच.

पाण्यात किंवा नळांत तांबं असेल तर आणखी एक भानगड. केसात बसलेलं तांबं डाय लावताना पेरॉक्साइडला भलत्या वाटेने फोडतं आणि केसाचं नुकसान वाढतं.

उपाय महागडे नाहीत. घटकांत ईडीटीए (कॅल्शियमसारखे धातू धरून नेणारं रसायन) असलेला शाम्पू, आणि शेवटचा तांब्या आरओच्या किंवा साठवलेल्या पावसाच्या पाण्याचा. रंग लावायच्या आदल्या दिवशी हे नक्की करा. बादलीभर पाण्यात अर्धं लिंबू पिळून केस धुतले तरी थोडं कॅल्शियम सुटतं, पण रोज नको.

१५. उन्हाळ्यात रंग लवकर उडतो. ऊन की घाम?

दोन्हींपेक्षा जास्त पाणी. भुसावळ-जळगावात पारा ४५ च्या पुढे गेला की माणूस रोज डोक्यावरून पाणी घेतो. ओला केस जाडीला साधारण १५ टक्के फुगतो आणि दर फुगण्यागणिक थोडा रंग बाहेर येतो. ऊनही कमी नाही. अतिनील किरणांनी रंगाचे रेणू तुटतात, केसाची प्रथिनंही तुटतात. दुपारी डोक्याला स्कार्फ बांधून गाडी चालवणाऱ्या आपल्या पोरींनी केसांचंही भलं करून घेतलंय. रोज न्हायचं असेल तर शाम्पू एक दिवसाआड, मधल्या दिवशी गार पाणी आणि शेंड्यांना कंडिशनर.

१६. कानशिलावरचे पांढरे केस रंगच घेत नाहीत.

तिथले केस बरेचदा जाड, ताठ आणि घट्ट खवल्यांचे असतात. शिवाय पांढऱ्या केसात मेलॅनिनच नाही, त्यामुळे सगळी छटा डायनेच द्यायची असते. जरा कमी शिरला तरी लगेच कळतं. रंग तिथे सगळ्यात आधी लावा, पूर्ण वेळ ठेवा, १० ऐवजी २० व्हॉल्यूम घ्या. आणि पंधरा दिवसांत भांगात दिसते ती पांढरी रेघ रंग उडाल्याची नव्हे. केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, ती नवी वाढ आहे.

१७. मुलीने केसांना जांभळा लावलाय. "कितला दिन टिकी हाऊ रंग?" असं तिची आजी रोज विचारते.

आजींना सांगा, शाम्पूवर आहे. असे रंग तयार रंगीत रेणूच असतात, पेरॉक्साइड लागत नाही. बरेचसे धनभारित, बेसिक रेड ५१ सारख्या नावांचे. ते कंडिशनरसारखेच ऋण जागांना चिकटतात आणि शाम्पूने तसेच सुटत जातात. काळ्या केसावर ते दिसतही नाहीत, म्हणून आधी ब्लीच करतात. ब्लीच केलेल्या सच्छिद्र केसात थोडा रंग आतही जातो आणि मग निळा-हिरवा डाग हटता हटत नाही. रंग जाईल, ब्लीचने झालेलं नुकसान मात्र केस कापेपर्यंत राहील, हे मुलीला सांगा.

१८. वर्षानुवर्षं मेंदी लावलेल्या केसांवर डाय लावला तर चालतो का?

शुद्ध मेंदी असेल तर चालतो, आधी गडद करण्यापुरता. फिकं करायला गेलात तर मेंदीचा केशरी हटत नाही, कारण तो केराटिनशी बांधलेला आहे (प्रश्न ५), आणि खाली नीळ असेल तर हिरवट छटा वर येते.

खरी अडचण धातूच्या क्षारांची. 'हळूहळू काळे करणाऱ्या' जुन्या पद्धतीच्या काही तेलांत आणि मिश्र मेंदीत शिसं, चांदी यांचे क्षार मिळाले आहेत. शिसं आणि आर्सेनिक यांची संयुगं प्रसाधनात रंगासाठी वापरायला आपल्याकडे बंदी आहे, पण सुट्या मालाची खात्री कोण देणार? असा केस पेरॉक्साइडला लागला की धातू त्याचं झपाट्याने विघटन करतो. केस तापतो, वाफ येते, तुटतो.

म्हणून आधी फणीला आलेले केस घ्या. काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम डेव्हलपर, त्यात अमोनियाचे वीसेक थेंब, आणि केस अर्धा तास बुडवा. बुडबुडे, ऊब, उग्र वास किंवा रंगात अचानक बदल दिसला तर डाय नको. लोखंडी कढईवाल्यांनीही हीच चाचणी करावी. लोहही धातूच आहे. आमच्या जाऊबाई ही चाचणी पार्लरमध्ये स्वतः करतात, गिऱ्हाइकाने "फक्त मेंदीच लावते हो" असं कितीही सांगितलं तरी.

१९. काळ्या डायचा कंटाळा आला, वरून ब्राऊन लावला तर?

काहीही दिसणार नाही. डाय डायला फिका करत नाही. आधी काळा काढावा लागतो. क्षपणकारी (ऑक्सिडीकरणाच्या उलट काम करणारा) रंग-रिमूव्हर मोठे रेणू पुन्हा फोडतो. त्यानंतर केस भरपूर धुतला नाही तर तुकडे हवेने पुन्हा जुळतात आणि दोन दिवसांत काळा परत येतो. नीळ आणि मेंदी रिमूव्हरला जवळपास दाद देत नाहीत. माझा सल्ला कंटाळवाणा आहे: वाढू द्या, कापत जा.

२०. लग्नाआधी केराटिन ट्रीटमेंट करायची आणि रंगही. आधी काय?

आधी विचारा, त्यात काय आहे. नावात केराटिन असलं तरी काम करतात ती दुसरी रसायनं. फॉर्माल्डिहाइड केराटिनच्या साखळ्यांमध्ये पूल बांधतं, पण ते कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि बंद खोलीत इस्त्री फिरवताना त्याची वाफ पार्लरवालीच्या छातीत जाते. त्याऐवजी आलेलं ग्लायऑक्सिलिक आम्लही निर्धोक ठरलेलं नाही. ते लावल्यावर मूत्रपिंडाला इजा झालेल्या एका तरुणीची नोंद फ्रान्समधल्या डॉक्टरांनी २०२४ मध्ये प्रसिद्ध केली. टाळूवर जखम किंवा जळजळ असेल तर मुळीच करू नका, आणि मूत्रपिंडाचा आजार असेल तर विषयच नको.

करायचंच असेल तर रंग नंतर, मधे निदान दोन आठवडे सोडून. आधी रंग लावला तर हे आम्ल आणि इस्त्रीची उष्णता रंगाची छटा बदलतात, काळ्याचा तांबूस होतो. साध्या प्रथिनयुक्त कंडिशनरला हे नियम लागू नाहीत. त्यातले प्रथिनांचे तुकडे केसावर चिकटतात आणि काही धुण्यांत जातात, बस.

२१. डाय लावला की कपाळावरचा डाग चार दिवसांत जातो, नखांचा महिनाभर जात नाही. असं का?

कातडीचा वरचा थर सतत गळत असतो, डाग त्याबरोबर जातो. नख केसासारखंच कडक केराटिन आहे आणि गळत नाही, ते नुसतं पुढे सरकतं. हाताच्या बोटाचं नख महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर वाढतं. लावायच्या आधी केसांच्या कडेने कपाळाला आणि कानांना व्हॅसलिन चोळा, केसांना लागू देऊ नका. हातात मोजे घाला, पाकिटात येतात ते पातळ असतात, फाटले तर बदला.